पिस्तुलाची अर्धी वाटी

मी ते फक्त पुसणार होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात हा मुद्दा अजून वादात आहे. बायको म्हणते, "पुसणाऱ्या माणसाला स्क्रू-ड्रायव्हर कशाला लागतो?" मी म्हणतो, पुसता पुसता लागतो. असो.

तर, मी नवीन पिस्तूल घेतलं होतं. आमच्या गावच्या नेमबाजी क्लबात मी इतकी वर्षं क्लबाच्याच जुन्या पोलादी पिस्तुलावर नेम धरत आलो. ते इतकं जड, की अर्धा तास धरलं की संध्याकाळी सूपचा चमचा तोंडापर्यंत जात नसे. या वर्षी मात्र मनाचा हिय्या केला आणि पॉलिमरची बॉडी असलेलं, नव्या पद्धतीचं, स्वतःचं पिस्तूल घेतलं. हलकं, काळंकुळकुळीत, गंजायचं नाव नाही. क्लबात दाखवायला नेलं, तर आमचे सर्वांत जुने सभासद लुमीर यांनी ते दोन बोटांत धरून वर-खाली पाहिलं.

"साबणाची डबी छान आहे," ते म्हणाले. "पिस्तूल कुठाय?"

मग त्यांनाच माझी दया आली असावी. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ व्हेंदा, नवं पिस्तूल नव्या बुटासारखं असतं. रुळवावं लागतं. आधी कारखान्याने फासलेलं ग्रीस पुसून काढ, चार थेंब तेल घाल, मग रेंजवर येऊन दोन-तीनशे गोळ्या झाड. तोवर ते कुरकुर करणार. अडकलं तर घाबरायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, आत बोटं घालायची नाहीत."

यातलं सगळं माझ्या लक्षात राहिलं. शेवटचं वाक्य सोडून.

घरी मात्र वेगळाच हुकूम निघाला. आमच्या मुलीचं, रोझालीचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि लिबुशेने (म्हणजे माझ्या बायकोने) तिजोरीकडे बोट दाखवून सांगितलं, "लग्न पार पडेपर्यंत ती वस्तू तिथून बाहेर काढायची नाही."

"अगं, नुसतं पुसायचंय."

"पुसायचं पण नाही. तुला माहितीये आपली विहीण कोण आहे ते."

माहीत नसून सांगतो कुणाला! आमच्या होणाऱ्या जावयाची, क्रिश्तोफची आई म्हणजे दाग्मार ह्लादिकोवा. जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत शस्त्रपरवान्याच्या टेबलावर बसतात. जिल्ह्यातली प्रत्येक बंदूक, प्रत्येक पिस्तूल आणि ते बाळगणारा प्रत्येक माणूस त्यांच्या चष्म्याखालून गेलेला आहे. (मीही. परीक्षेच्या दिवशी त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी माझी जन्मतारीख चुकवली.) सोयरीक ठरल्यावर त्या पहिल्यांदा आमच्याकडे कॉफीला आल्या, तेव्हा "कसे आहात?" च्या आधी "तिजोरी भिंतीला बोल्टने पक्की केलीय ना?" असं विचारलं. त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या मुलानेसुद्धा नाही, असं त्यानेच रोझालीला सांगितलं होतं.

"आपली पोर त्या घरात जाणार आहे," लिबुशे म्हणाली. "तुझ्या हातून काही उपद्व्याप झाला, तर तिला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. 'तुझ्या बापाला एक पिस्तूल सांभाळता आलं नाही.' प्रत्येक नाताळात. कळलं?"

मला कळलं. खरंच कळलं. पोरीवर माझा फार जीव आहे आणि तिच्या सासरी माझ्यामुळे तिची मान खाली जावी, ही कल्पनाही मला सहन होत नव्हती.

पण मग रविवार उजाडला.

लग्नाच्या आधीचा रविवार म्हणजे आमच्याकडे कोलाचे, म्हणजे गोड सारण भरलेले छोटे गोल पाव, भाजायचा दिवस. ज्यांना निमंत्रण आहे त्यांच्याकडे आणि ज्यांना नाही त्यांच्याकडेही, डबा भरून पोचवायचे. कोलाच लहान हवा, एका घासात जाईल एवढाच. मोठा केला तर मुलीकडचे आळशी आहेत असा अर्थ निघतो. म्हणून सकाळी सहा वाजता माझी फिलोमेना आत्या नात्यातल्या सगळ्या बायकांची पलटण घेऊन आमच्या स्वयंपाकघरात शिरली. पिठाचा धुरळा उडाला. मी कॉफीचा कप घ्यायला गेलो, तर तिसऱ्या बाईने मला बाजूला ढकललं.

"व्हेंदा, तू लाकडं फोड जा," आत्या म्हणाली.

"फोडली."

"मग आणखी फोड."

आणखीही फोडली. बागेत गेलो, तर तिथे रोझाली आणि क्रिश्तोफ डब्यांना फिती बांधत होते. त्यांनाही मी नको होतो. अशा वेळी माणसाने जावं तरी कुठे? सगळं घर बायकांनी भरलेलं, आणि तिजोरी मात्र शांतपणे एकटी उभी. मी ठरवलं, दहा मिनिटांचं काम आहे, कुणाला कळणारही नाही.

काडतुसं तिजोरीतच राहू दिली. पिस्तूल रिकामं आहे हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. इतपत मी शहाणा आहे, याची नोंद घ्यावी. मग ते पिशवीत घालून स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत गेलो. तिथे थंडावा असतो, दार लागतं आणि मोठ्या फ्रीजरचं सपाट झाकण टेबलासारखं वापरता येतं. खाली चौरंगावर कसलंसं पातेलं निवत ठेवलं होतं. ते मी पायाने जरा सरकवलं.

वरचा पोलादी सरकता भाग काढला, नळी काढली, ग्रीस पुसलं, तेल लावलं. सगळं पुन्हा बसवून मागे ओढून पाहिलं. कडक! खर्र असा आवाज. पुन्हा ओढलं. खर्र. आता लुमीरनी सांगितलं होतं की कुरकुर करणार. पण आदल्या रात्री मी इंटरनेटवर एका दाढीवाल्या गृहस्थांचं भाषण ऐकलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की गोळ्या झाडून पिस्तूल रुळवणं हा आळशी लोकांचा मार्ग आहे. खरा जाणकार फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारी बारीक दांडी, बाहेर काढतो आणि आतला भाग हाताने गुळगुळीत करतो. बोलताना ते गृहस्थ इतके शांत होते, की मला वाटलं हे आपल्यालाही जमेल.

तर फायरिंग पिन बाहेर आली. तिच्यावर एक स्प्रिंग असते आणि ती स्प्रिंग जागेवर धरायला काळ्या पॉलिमरची एक चिमुकली वाटी असते. ही वाटी अखंड नसते. तिचे दोन अर्धे तुकडे असतात, प्रत्येक जेमतेम काळ्या उडदापेक्षा मोठा. दाढीवाल्या गृहस्थांनी इथे "अंगठा घट्ट दाबून ठेवा" असं काहीसं म्हटलं होतं.

मी दाबलाही होता. पण नेमकं त्याच वेळी बाहेर आत्या ओरडली, "लोणी कुणी संपवलं?" आणि मी दचकलो. (सकाळचं लोणी मी संपवलं होतं.)

टण्णकन आवाज झाला. माझ्या हातात पिन राहिली आणि तळव्याला चिकटलेली एक अर्धी वाटी. स्प्रिंग गायब. दुसरी अर्धी गायब. आणि त्या शांततेत खालून एक बारीक, मऊ आवाज आला. ओल्या कशात तरी काहीतरी पडल्याचा.

मी खाली पाहिलं. पातेलं उघडं होतं. त्यात काठोकाठ खसखशीचं सारण होतं, दुधात शिजवून निवायला ठेवलेलं. आणि आमच्याकडची खसखस पांढरी नसते. ती काळी असते.

माणसाचं डोकं संकटात फार चालतं, असं म्हणतात. माझंही चाललं. फ्रीजरच्या अंगावर क्रोएशियाच्या समुद्रकिनाऱ्याचं एक चुंबक चिकटवलेलं होतं. त्याला दोरा बांधला आणि ते सारणात सोडून हळूहळू फिरवलं. दुसऱ्याच फेरीला काहीतरी लागलं! वर काढलं, तर स्प्रिंग, खसखशीने माखलेली. मी ती चाटून साफ केली. (स्वच्छ कपडा आणायचा तर स्वयंपाकघरातून जावं लागलं असतं.) मला इतका आनंद झाला की चुंबकाचा मुका घ्यायचाच काय तो बाकी राहिला.

मग मी पुन्हा चुंबक सोडलं. फिरवलं. पुन्हा फिरवलं. आणि चौथ्या-पाचव्या फेरीला माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की वाटी पॉलिमरची आहे. ज्या गुणांसाठी मी हे पिस्तूल घेतलं, हलकं, काळं, न गंजणारं, तेच गुण आता पातेल्यात बसून माझी मजा बघत होते.

सुटे भाग पिशवीत भरून चमचा आणावा म्हणून वळलो, तर दार उघडून आत्याच उभी.

"इथे काय करतोयस?"

"थंड हवा खातोय."

"खा. पातेलं दे इकडे."

मी पिशवी पाठीमागे लपवली आणि आत्याने पातेलं उचलून नेलं. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त लिबुशेचा चेहरा दिसत होता.

पिस्तुलाचे सुटे भाग तिजोरीत कोंबून, हात धुऊन मी थेट स्वयंपाकघरात गेलो आणि बाह्या सरसावल्या.

"मीही मदत करतो."

सगळ्या बायकांचे हात थांबले.

"कसली मदत?" लिबुशेने विचारलं.

"खसखस भरतो. कोलाच्यात."

"ह्याला ताप आलाय का ग?" आत्या म्हणाली.

पण मला एक खुर्ची मिळाली. मी प्रत्येक चमचाभर सारण आधी बोटांनी चाचपून मगच पिठाच्या खळग्यात ठेवायला लागलो. पाच झाले, दहा झाले. तेवढ्यात शेजारच्या बाईंचे चाळीस झाले होते.

"व्हेंदा," आत्या माझ्या डोक्यावर उभी राहून म्हणाली, "ती भरायची असते. चिवडायची नसते."

"गुठळी राहायला नको ना, आत्या."

"माझ्या सारणात गुठळी?" आत्याचा आवाज चढला. "लग्न लावून दिलं तुझं मी, तुझ्या बारशाला सारण माझं होतं, आणि तू माझ्या सारणात गुठळी शोधतोस? ऊठ!"

मला उठवलं गेलं. आता एकच उपाय उरला होता. पहिला ट्रे भट्टीतून बाहेर आला तसा मी खसखशीचे कोलाचे खायला सुरुवात केली. निवडून निवडून, जे मला जरा फुगीर वाटले ते. एक खाल्ला, मऊ. दुसरा, मऊ. लिबुशे येता-जाता बघत होती.

"तुला तर खसखस आवडत नाही."

"आजपासून आवडते," मी भरल्या तोंडाने म्हणालो.

किती खाल्ले ते विचारू नका. नंतर आत्याने एक अख्खा ट्रे कमी कसा भरतोय म्हणून शेजारच्या मांजरावर आळ घेतला. पण एवढी खसखस पोटात गेल्यावर जे कुणाचंही होईल तेच माझं झालं. भट्टीची ऊब, पोटात दूध-साखर-खसखस. मी कोपऱ्यातल्या बाकावर जरा टेकलो आणि गाढ झोपलो.

जागा झालो तेव्हा स्वयंपाकघर झाडून लख्ख झालं होतं. टेबल रिकामं. डबे नाहीत, फिती नाहीत. आत्या तेवढी पाय वर करून कॉफी पीत बसली होती.

"कोलाचे कुठायत?"

"पोरं वाटायला गेली की," लिबुशे म्हणाली. "अर्धं गाव झालं असेल एव्हाना. पहिला डबा दाग्मारबाईंकडे गेला, रिवाजाप्रमाणे. खसखशीचे जास्त घातलेत. त्यांना तेच आवडतात."

मी बाकावरून उठलो. मग पुन्हा बसलो.

"लिबुशे," मी म्हणालो, "खसखशीत पिस्तूल आहे."

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"अख्खं?"

"नाही गं. थोडंसं."

मग मी सगळं सांगितलं. लिबुशे ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. ती खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "व्हेंदा, कुणाचा दात तुटला तर? कुणाच्या घशात अडकलं तर? आणि त्यांच्याच घरी?" तिचे डोळे भरून आले होते. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात मी तिला नाना तऱ्हांनी छळलं असेल, पण त्या क्षणाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

मी फोन उचलला. कोणी काहीही म्हणो, विहीणबाईंचा घास थांबवायलाच हवा होता. घंटा वाजली. वाजत राहिली.

"ह्लादिकोवा."

"नमस्कार, मी कुबेशा बोलतोय. व्याही. कोलाचे पोचले का?"

"पोचले."

"खाल्ले नाहीत ना?"

"खातेय."

"खसखशीचे?"

"खसखशीचेच. का?"

"नाही, म्हणजे... ते खाऊ नका. चक्क्याचे खा. चक्क्याचे फार चांगले झालेत. खसखशीचे जरा बिघडलेत."

"काय बिघडलंय?" आत्या कॉफीचा कप आपटून माझ्यामागे गरजली. "कुणाची खसखस बिघडलीय? दे तो फोन इकडे!"

"आत्या, थांब!"

"कुबेशासाहेब," फोनमधून विहीणबाईंचा आवाज आला, अगदी थंड. "एक मिनिट. माझ्या तोंडात काहीतरी कडक आलंय."

मी डोळे मिटले. लिबुशेने माझी बाही धरली. फोनमधून कागदी रुमालाची सळसळ ऐकू आली. मग चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज.

"ही," विहीणबाई म्हणाल्या, "फायरिंग पिनच्या स्प्रिंगची वाटी आहे. अर्धी."

मी लिबुशेला खुणेनेच सांगितलं, सापडली.

आणि मग फोनमधून एक विचित्र आवाज यायला लागला. आधी शिट्टीसारखा, मग खोकल्यासारखा, मग धाप लागल्यासारखा. घास घशात अडकला असणार!

"पाणी प्या!" मी ओरडलो. "खाली वाका! पाठीवर कुणालातरी मारायला सांगा!"

"नको, नको," विहीणबाई कशाबशा म्हणाल्या, आणि तेव्हा मला कळलं, की त्या हसत होत्या. त्यांना सवय नव्हती म्हणून तो आवाज तसा येत होता. "कुबेशासाहेब, तुम्ही... कोलाच्यात... माझ्यासाठी..."

त्या पुन्हा हसायला लागल्या. हसता हसता म्हणाल्या, "आयुष्य गेलं माझं त्या टेबलावर. माझ्यासमोर लोक शाळेतल्या पोरांसारखे उभे राहतात. माझ्याशी कुणी कधी थट्टा केली नाही हो. आणि तुम्ही एवढी नाजूक वाटी काढून, नेमकी माझ्या डब्यात घालून पाठवलीत!"

लिबुशे माझ्याकडे बघत होती. मी लिबुशेकडे बघत होतो.

"हो," मी म्हणालो. "म्हटलं, जरा गंमत."

लिबुशेने माझी बाही सोडली आणि डोळे पुसले. आत्याला काहीच कळलं नव्हतं. ती म्हणत होती, "आधी खसखशीचं काय ते सांग."

"बुधवारी रेंजवर या," विहीणबाई म्हणाल्या. "पिस्तूल आणा. वाटी मी घेऊन येते. तुमच्याने ती बसायची नाही."

त्या रात्री मी लहान मुलासारखा झोपलो. (लिबुशेच्या मते खसखशीमुळे. मी म्हणतो, मनावरचं ओझं उतरल्यामुळे.)

बुधवारी आम्ही दोघं रेंजवर गेलो. लिबुशे माझ्यावर लक्ष ठेवायला आली होती. विहीणबाई आधीच हजर होत्या, खिशात काडेपेटी, काडेपेटीत कापूस, कापसात माझी अर्धी वाटी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्या हातातली सुट्या भागांची पिशवी घेतली आणि मी "सावकाश हं, ती उडते," असं म्हणेपर्यंत पिस्तूल जोडून माझ्या हातात दिलंही. लुमीरनी आपली टोपी काढली.

"चला," विहीणबाई म्हणाल्या, "आता रीतसर रुळवू या."

कानांवर आवाजरोधक चढवले. मी उभा राहिलो, नेम धरला. पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली. तिसरीला रिकामं काडतूस बाहेर पडायच्या ऐवजी वरच्या खिडकीत उभं अडकून राहिलं.

"नवं आहे," लुमीर म्हणाले. "घाबरू नकोस. झाड."

सोडवलं, झाडली. पुन्हा अडकलं. पुन्हा सोडवलं. मी म्हटलं, कारखान्याचाच दोष असणार. विहीणबाईंनी हात पुढे केला. त्यांनी गोळ्यांचं मॅगझिन भरलं आणि शिवणाच्या यंत्रासारखं सगळं रिकामं केलं. एकदाही अडकलं नाही.

"नशीब," मी म्हणालो.

"लिबुशेताई, तुम्ही या," विहीणबाई म्हणाल्या.

लिबुशेने जन्मात पिस्तूल हातात धरलेलं नव्हतं. तिने लुमीरनी दाखवलं तसं धरलं, नाक मुरडलं आणि मॅगझिन संपवलं. पिस्तूल लोण्यासारखं चाललं. तिने ते खाली ठेवून विचारलं, "एवढंच?"

मग पुन्हा मी. दुसऱ्याच गोळीला अडकलं.

लुमीर बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होते. "अरे, मनगट!" ते म्हणाले. "मनगट ढिलं आहे तुझं. हे हलकं पिस्तूल. मनगट घट्ट नसलं, तर धक्का सगळा तुझ्या हातात जिरतो आणि वरच्या भागाला मागे जायला जोरच उरत नाही. ह्या दोघींची मनगटं बघ. एकीने आयुष्यभर शिक्के मारलेत, एकीने पीठ मळलंय. तू काय केलंस?"

मी नगरपालिकेच्या पाणीखात्यात कारकून आहे. आम्ही माउसने काम करतो.

दुपार अशीच गेली. लुमीर माझ्या मनगटाला धरून उभे, विहीणबाई "घट्ट!" म्हणून ओरडतायत आणि लिबुशे मॅगझिनं भरून देतेय. पेटीच्या पेटी रिकामी झाली. शेवटी, उन्हं कलताना, एक अख्खं मॅगझिन माझ्या हातून अडखळल्याशिवाय गेलं. तिघांनी टाळ्या वाजवल्या. पिस्तूल तर केव्हाच रुळलं होतं. रुळायचं राहिलं होतं ते मीच. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण परत येताना गाडीत मागच्या सीटवर विहीणबाई आणि लिबुशे शाळकरी मैत्रिणींसारख्या खिदळत होत्या. इतके दिवस मला वाटत होतं, की माझी पोर एका बर्फाच्या पेटीत चाललीय. तसं नव्हतं, आणि हे कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की घरी पोचेपर्यंत मी शीळ वाजवत होतो.

शनिवारी लग्न झालं. रोझाली इतकी सुंदर दिसत होती की मी दोनदा नाक शिंकरायला बाहेर जाऊन आलो. जेवण झालं, स्लिवोवित्सेचे, म्हणजे आलुबुखाराच्या दारूचे, पेले फिरले आणि विहीणबाई भाषणाला उभ्या राहिल्या. सगळा हॉल चिडीचूप. त्यांच्या कचेरीतले चार लोक तर ताठच बसले. आणि त्यांनी कोलाच्यातल्या वाटीची गोष्ट सांगितली, "असा मिस्कील व्याही लाभला" म्हणून माझ्याकडे पेला उंचावला आणि स्वतःच हसायला लागल्या. एक क्षण कुणाला समजेना, की हा आवाज कसला. मग हॉल असा काही हसला, की वादकांनी वाजवायचं सोडलं. पुढचा तासभर लोक टेबलावरचे खसखशीचे कोलाचे फोडून आत बघत होते आणि फिलोमेना आत्या त्यांच्या हातांवर चमच्याने मारत हिंडत होती. मला पाणीखात्याबाहेर पहिल्यांदाच लोक ओळखायला लागले. जो तो येऊन पाठीवर थाप मारत होता. "काय डोकं चाललं हो तुमचं!" मी नम्रपणे मान झुकवत होतो. खरं सांगायचं तर शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं, की मी ते मुद्दामच केलं होतं.

मग नाच सुरू झाला आणि रीतीप्रमाणे मी विहीणबाईंना घेऊन मध्ये गेलो. दोन गिरक्या झाल्यावर त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "कुबेशासाहेब, ती वाटी चुकून पडली होती ना?"

माझा पाय त्यांच्या पायावर पडला.

"तुम्हाला... कधी कळलं?"

"फोनवरच शंका आली होती. पण इतकं हसून झाल्यावर पुन्हा गंभीर होणं माझ्या जिवावर आलं."

"मग तुम्ही सगळ्यांसमोर गंमत म्हणून का सांगितलीत?"

"दोन महिन्यांनी तुमच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा कागद माझ्या टेबलावर यायचाय," विहीणबाई म्हणाल्या. "निष्काळजी माणसाचा मला अडवावा लागतो. थट्टेखोर माणसाबद्दल कायद्यात काही लिहिलेलं नाही. म्हणून म्हटलं, चारचौघांत एकदाचं पक्कं करून टाकू."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी त्यांचा हात घट्ट दाबला. (मनगट आता चांगलं झालं होतं.) "तुमचे उपकार कसे फेडू?" मी म्हणालो. "आणि नशीब, की सगळ्यांना ते खरं वाटलं."

"सगळ्यांना वाटलं हो," विहीणबाई म्हणाल्या आणि नवरीकडे पाहून हसल्या. "फक्त रोझालीला नाही. ती मला म्हणाली, 'आई, तुम्ही बाबांना अजून ओळखत नाही. ते पडलंच असणार. गंमत करायची तर आधी ती सुचावी लागते.'"